बंदुकीची जन्मतारीख

प्रत्येक वस्तूला वय असते; मात्र ते तिला स्वतःला ठाऊक नसते, आणि म्हणूनच शासनाला कर्मचारी नेमावे लागतात. डोंगराचे वय खडक सांगतात, झाडाचे वय बुंध्यातली वलये सांगतात, बैलाचे वय दात सांगतात आणि माणसाचे वय शाळेचा दाखला सांगतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र सन १९७५ पर्यंत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पूर्ण अंधार होता. लोक बंदुका वापरत होते, बापाकडून मुलाकडे देत होते, दसऱ्याला त्यांना झेंडू वाहत होते. पण ही बंदूक कोणत्या साली जन्मली, हा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एवढे अज्ञान असूनही दोन जिल्हे इतकी वर्षे सुखाने राहिले, ही गोष्ट शासनाला साहजिकच खटकली.

त्यातून जुनी शस्त्रे कालनिश्चिती योजना निघाली. तिचे कार्यालय सांगलीत एका गोदामाच्या माडीवर होते. मी पदार्थविज्ञान घेऊन नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि माझ्याजवळ स्वतःचे भिंग होते. या दोन गुणांवर माझी हंगामी कालनिश्चिती सहायक म्हणून नेमणूक झाली. (दुसऱ्या उमेदवाराचा वर्ग माझ्यापेक्षा वरचा होता, पण त्याचे भिंग उसने होते.) ते वर्ष शिस्तीचे होते. सगळे वेळेवर येत आणि कार्यालयाच्या भिंतीवर कमी बोलण्याविषयी एक पाटी होती. मी ती रोज वाचत असे.

योजनेने सर्व बंदुकांचे तीन गट पाडले होते. गट (अ) आधुनिक, म्हणजे दिनांक ३१ मार्च १९७६ रोजी शंभर वर्षे पूर्ण न झालेली. अशा बंदुकीला परवाना लागतो. परवानाधारक जिवंत असेल तर ती त्याच्याकडे राहील, नसेल तर पोलिस ठाण्यात जमा होईल. गट (ब) पुरातन, म्हणजे शंभर पूर्ण केलेली, मग ती कोणत्याही दिवशी पूर्ण होवोत. अशी बंदूक राष्ट्राचा ठेवा असते. तिचा आवाज काढणे म्हणजे ठेव्याची नासधूस करणे. म्हणून ती वस्तुसंग्रहालयात जमा होईल. गट (क) म्हणजे वय अनिश्चित. अशी बंदूक पुढील आदेश होईपर्यंत आहे तिथे, आहे त्याच्याच ताब्यात राहील.

योजना सुरू झाली त्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांतल्या सर्वच्या सर्व ३१८ बंदुका गट (क) मध्ये होत्या. परवानाधारकांपैकी २७१ मयत होते. (तरीही त्यांच्या परवान्यांचे नूतनीकरण दर वर्षी वेळेवर होत असे, जिवंत धारकांच्या बाबतीत असा नियमितपणा आढळला नाही.) गट (क) रिकामा करणे हे माझे काम होते.

पद्धत सोपी होती आणि शास्त्रीय होती. कारखान्यात बंदुका तयार होतात तशा त्यांच्या नळीवर एकामागून एक क्रमांक ठोकतात. कोणत्या साली कोणत्या क्रमांकापर्यंत बंदुका निघाल्या याचे कोष्टक असले, की क्रमांकावरून साल निघते. आमच्याकडे एका विलायती कारखान्याचे असे कोष्टक होते. इतर कारखान्यांनी आपापली कोष्टके पाठवली नव्हती, तेव्हा सर्व बंदुका याच कारखान्याच्या धराव्यात असे ठरले. गावच्या लोहाराने घडवलेल्या बंदुकांनाही हाच नियम लावण्यात आला, कारण कामात भेदभाव नको. कोष्टक टंकलेखनाची तिसरी कार्बन प्रत असल्याने त्यात ३, ६ आणि ८ हे अंक सारखेच दिसत. अशा जागी ६ धरावा, अशी तोंडी सूचना होती.

पहिल्या तीन महिन्यांत मी वाळवे तालुका पुरा केला. इस्लामपूरच्या आसपास लोक फार अगत्यशील आहेत. पहिल्या आठवड्यात मला उसाचा रस मिळाला, दुसऱ्यात चहा, आणि माझ्या कामाचे परिणाम कळू लागल्यावर बिनसाखरेचा चहा. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली बसून बिनसाखरेचा चहा पिण्याचा मान फार थोड्या सरकारी नोकरांना मिळाला असेल.

ही हकीकत मात्र मुख्यतः एकाच बंदुकीची आहे. ती जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, मेंढपाळांच्या एका वस्तीवर, हरणाबाई नावाच्या बाईंकडे होती. डिसेंबरात मी तिकडे गेलो. एस.टी. जिथवर जाते तिथून पुढे पाण्याचा टँकर जातो आणि टँकर जिथवर जातो तिथून पुढे चालावे लागते. हरणाबाईंना मी प्रथम त्यांचे वय विचारले. "थोरल्या दुष्काळात मी मेंढरामागं चालत हुते," त्या म्हणाल्या. (गट क.)

बंदूक कणगीमागे घोंगडीत गुंडाळलेली होती. एकनळी, ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरून गजाने ठासायची. परवाना त्यांचे सासरे ज्योतिबा यांच्या नावावर होता. सासरे वारून सतरा वर्षे झाली होती, मुलगा कळपामागे फिरतीवर असे, आणि बंदूक चालवायच्या त्या हरणाबाई.

"कशासाठी वापरता?" मी विचारले.

"लांडग्यासाठी."

"किती मारले?"

"मारतंय कोण त्येला? नुसती दारू ठासायची आन् बार काढायचा. छर्रं घालतच न्हाई. लांडगं आवाजाला भितंय. एक बार काढला की दोन-चार रातीला वाडग्याकडं फिरकत न्हाई." वाडगे म्हणजे मेंढरे कोंडायचा काटेरी कुंपणाचा गोल. ते त्यांच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर होते आणि त्यात चाळीसेक मेंढरे होती. "त्येलाबी पोरंबाळं हायत. मारून काय करायचं? आपली कोकरं वाचली म्हंजे झालं."

मी नळी घासलेटाने पुसली, भिंग लावले आणि क्रमांक वाचला: ६४१२. कोष्टकाप्रमाणे साल १८७६. हा माझ्या आयुष्यातल्या समाधानाच्या क्षणांपैकी एक होता. आकडा स्वच्छ होता आणि त्यात ३ किंवा ८ नव्हता. मी तिन्ही गटांची माहिती हरणाबाईंना सावकाश समजावून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"म्हंजे ही म्हातारी निगाली तर?"

"वस्तुसंग्रहालयात. तिथं जुन्या वस्तू नीट जपून ठेवतात."

"आन् तरणी निगाली तर?"

"ठाण्यात. परवाना सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत."

"दोन्हीकडनं जातीयाच की. मग वय कशाला काढतोयस, बाळा?"

"अचूकतेसाठी," मी म्हणालो.

हरणाबाईंनी मला मेंढीच्या दुधाचा चहा दिला. त्यात साखर होती, कारण माझी कीर्ती अजून जतपर्यंत पोचली नव्हती. मी उठताना त्यांनी विचारले, "आन् बंदूक गेली हे लांडग्याला कळवायचं न्हाई, एवढं तरी करशीला का? का त्येलाबी कागद धाडताय?"

लांडग्यांशी पत्रव्यवहाराची योजनेत तरतूद नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांना जरा बरे वाटल्यासारखे दिसले.

बंदूक ताबडतोब ताब्यात घ्यावी की वर्ष उजाडण्याची वाट पाहावी, असा अभिप्राय मागवून मी प्रकरण साहेबांकडे ठेवले. ते तिथेच राहिले असते, पण मध्ये कराड तालुका आला.

कराडजवळ कृष्णाकाठच्या एका गावी हंबीरराव नावाचे निवृत्त हवालदार राहत. त्यांचा पाच एकर ऊस होता आणि उसात रानडुकरे शिरत. फौजेत पंचवीस वर्षे काढल्यामुळे त्यांना एक सवय लागली होती. आपला फौजेतला नंबर ते मालकीच्या प्रत्येक वस्तूवर ठोकून घेत. बाजारात भांड्यांवर नाव घालणारा अर्जुना कासार दर वर्षी त्यांच्याकडे मुक्कामालाच येई. ट्रंक, बादली, जेवायचे ताट, पंपाचे झाकण, खाटेचा पाय, सगळ्यांवर एकच आकडा: ६४३१. बंदुकीच्या नळीवरही तोच. कारखान्याचा मूळ क्रमांक त्यांनी कानशीने घासून काढला होता, कारण एका वस्तूवर दोन नंबर असणे त्यांना बेशिस्तीचे वाटे.

कोष्टकाप्रमाणे मी साल काढले, १८७६. (त्याच कोष्टकाने बादली, ताट आणि खाटेचा पायही १८७६ सालचेच निघाले. एकाच घरातल्या वस्तूंमध्ये आढळलेली ही सुसंगती शास्त्रीयदृष्ट्या उत्साहवर्धक होती.)

"गड्या, तो माझा नंबर हाय," हंबीरराव म्हणाले.

"बंदुकीवर आहे म्हणजे बंदुकीचा," मी म्हणालो.

"मग म्हशीच्या शिंगावर पण हाय. म्हैसबी शंभर वर्साची का?"

मी म्हैस पाहिली. म्हैस योजनेच्या कक्षेबाहेर होती.

हंबीररावांचा मुद्दा साधा होता. त्यांचा परवाना त्यांच्या स्वतःच्या नावावर होता आणि ते ठणठणीत होते. बंदूक आधुनिक ठरली तर घरात राहणार होती, पुरातन ठरली तर जाणार होती. पुढच्याच आठवड्यात ते इस्त्रीचा कोट घालून सांगलीला आले आणि आमच्या साहेबांसमोर ताठ उभे राहिले. आमचे साहेब निवृत्तीला पाच महिने उरलेले, शांत स्वभावाचे गृहस्थ होते. नव्या कागदापेक्षा जुना कागद त्यांना अधिक आवडे.

"साहेब, साल धरून बंदूक शंभरची कशी करताय तुमी?" हंबीरराव म्हणाले. "मला फौजेनं घरी धाडला तो तारखेवर. साल लागलं म्हणून पहिल्या जानेवारीला कुणी म्हटलं न्हाई की हवालदार, चला. बंदुकीला एक न्याय आन् माणसाला एक?"

साहेबांनी परिपत्रक पाहिले. त्यात "दिनांक ३१ मार्च १९७६ रोजी" असे शब्द होते. म्हणजे जन्माचीही तारीख हवी. कोष्टकात फक्त साल होते.

"तारीख आणायची कुठून?" साहेब म्हणाले.

"माझी कुठनं आणली?" हंबीरराव म्हणाले. "आई म्हणायची, शाळू काढताना झालास. मास्तरनं शाळेत लिवलं, एक जून. ती फौजेनं घेतली, बँकेनं घेतली, पेन्शनवाल्यानं घेतली. बंदुकीलाबी घाला शाळेत."

हे ते चिडून म्हणाले होते, असे माझे मत आहे. परंतु साहेबांनी ते टिपून घेतले. ही चाल आमच्याकडे सर्वांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये उघडते. पोराला घेऊन कोणीतरी येते. जन्म केव्हाचा विचारले तर आखाडाचा, शिमग्याचा, गाय व्याली त्या दिवसाचा, असे काहीतरी सांगते. मग हेडमास्तर पोराकडे एकवार बघतात, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगतात आणि १ जून लिहून टाकतात. साहेबांची स्वतःची जन्मतारीख १ जून होती. ती खरी नाही, असे त्यांना इतक्या वर्षांत कोणीही म्हटलेले नव्हते. उलट तिच्यावर त्यांना दोन बढत्या मिळाल्या होत्या.

"प्रस्थापित प्रथा आहे," साहेब शेवटी म्हणाले. "ज्याची जन्मतारीख माहीत नाही त्याची १ जून."

विज्ञानाचा विद्यार्थी या नात्याने मी एक शंका मांडली. ३१८ बंदुका एकाच तारखेला जन्मल्या असण्याचा संभव काढायचा तर अपूर्णांकाच्या छेदात आठशेहून अधिक अंक येतात, हे मी आकडेमोड करून दाखवले.

साहेबांनी कागद मागे सारला. "तुमच्या वर्गात एक जूनचे किती होते?"

मी आठवून मोजले. छपन्नपैकी एकेचाळीस.

"तेव्हा तुम्हाला आश्चर्य वाटलं होतं का?"

वाटले नव्हते. उलट मी मिरजेच्या एका दवाखान्यात जन्मलो असल्याने माझी तारीख खरी आहे, आणि वर्गात त्याबद्दल मला चिडवत असत. माझी शंका दप्तरी दाखल करून निकाली काढण्यात आली.

अशा रीतीने दोन्ही जिल्ह्यांतल्या सर्व बंदुकांचा जन्म त्या त्या सालच्या १ जून रोजी झाला. योजनेचा वेग एकदम वाढला. एका आठवड्यात १९४ बंदुकांची पूर्ण जन्मतारीख लागली. त्यांपैकी तीन रविवारी जन्मल्याचे मी पंचांगावरून काढले आणि त्या दिवशी कारखाना बंद असावा, अशी टीप जोडली. साहेबांनी तिच्यावर "पाहिले" असा शेरा मारला.

हंबीररावांची बंदूक ३१ मार्चला नव्व्याण्णव वर्षे दहा महिन्यांची ठरली. शंभर पूर्ण नाहीत, म्हणून आधुनिक; परवाना चालू, म्हणून घरात. त्यांनी जाताना मला नीरेची बाटली दिली.

हरणाबाईंची बंदूकही १८७६ सालची होती. तीही नव्व्याण्णव वर्षे दहा महिन्यांची ठरली. शंभर पूर्ण नाहीत, म्हणून आधुनिक. परवानाधारक मयत, म्हणून जमा. एकाच सूत्राने दोन प्रश्न सुटले, याला शास्त्रात सौंदर्य म्हणतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या ठाण्यातून एक शिपाई सायकलवर गेला आणि बंदूक घेऊन आला. लांडग्यांना काहीही कळवण्यात आले नाही.

मे महिन्याच्या मध्यावर हरणाबाई सांगलीला आल्या. जतहून पहाटेच्या एस.टी.ने आल्या असाव्यात, कारण कार्यालय उघडले तेव्हा त्या जिन्यात बसलेल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या टेबलावर कनवटीची पुरचुंडी सोडली. आत काळ्या लोकरीचे दोरे होते. कोकरांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसले. काहींना गाठ तशीच होती, काही तुटलेले होते.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"नऊ हायत. मोजा."

मी मोजले. आवक नोंदीत लिहिले: दोरे, लोकरी, काळे, नग ९.

"पयल्या चार-सा रातीला आली न्हाईत," हरणाबाई म्हणाल्या. "बार हुतोय का म्हणून कान देऊन बसली असतील. मग कळलं त्यास्नी. तुमी कळवलं न्हाई तरी कळलं. मी डबडं वाजवलं, वराडले. डबड्याला कोण भितंय? एक तर माझ्या म्होरनं गेलं, कोकरू तोंडात, आन् वळून बगितलं माझ्याकडं. कवा नव्हं ते."

साहेब चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "कोकरांचं वय काय होतं?" त्यांना काहीतरी विचारायचे होते आणि कार्यालयात विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता.

"दूध पीत हुती."

या वयासाठी आमच्याकडे गट नव्हता.

"बाई, आमच्या हातात काही नाही," साहेब म्हणाले. "बंदूक आधुनिक आहे. तुमच्या नावानं नवा परवाना मागायचा तर अर्जाला वयाचा दाखला लागतो. आहे तुमच्याकडे?"

"मी कुठं शाळंला गेले?"

"मग कठीण आहे."

हरणाबाई दोरे पुन्हा पुरचुंडीत भरू लागल्या. भरता भरता माझ्याकडे वळल्या. "व्हय रं बाळा, ती शंभरची कवा हुतीया म्हणालास?"

"एक जूनला."

"नक्की?"

"तारीख कार्यालयानं ठरवलेली आहे."

"मग एक जूनला येते," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

येथे वाचकांना आमच्या कार्यालयाची रचना सांगणे आवश्यक आहे. साहेब, हेडक्लार्क आणि दोन्ही शिपाई हे एकाच गावचे होते. (हा योगायोग असल्याचे चौकशीत यापूर्वीच निष्पन्न झाले आहे.) चौघेही एकाच शाळेत एकाच सकाळी एकाच हेडमास्तरांसमोर उभे राहिले होते आणि चौघांचाही हात कानाला लागला होता. त्यामुळे चौघांचीही जन्मतारीख १ जून १९१८ होती. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या दिवशी निवृत्त होतो. ३१ मे १९७६ रोजी संध्याकाळी कार्यालयात चार हार, चार नारळ आणि चार शाली लागल्या. मी निरोपाचे भाषण केले. पाटीला मान देऊन ते थोडक्यात आटोपले. निघताना साहेबांनी चाव्या माझ्या हातात दिल्या. "नवे साहेब येईपर्यंत तुम्हीच पाहा," ते म्हणाले. "फार काही करू नका."

१ जूनला मी कार्यालय उघडले तेव्हा जिन्यात हरणाबाई होत्या. त्यांच्या शेजारी, दोन पायऱ्या खाली, हंबीरराव पेढ्यांचा पुडा घेऊन बसले होते. स्वतःचा आणि बंदुकीचा असे दोन वाढदिवस ते एकाच पुड्यात साजरे करणार होते. त्यांची ओळख जिन्यातच झाली असावी.

"झाली का शंभरची?" हरणाबाई म्हणाल्या.

मी आकडेमोड पुन्हा तपासली. "झाली."

"मंग दे."

"तसं देता येत नाही. आज ती पुरातन झाली. ती वस्तुसंग्रहालयात जाईल."

"आवं, तुमच्या तारखेवर नेली, तुमच्याच तारखेवर द्या की," हंबीरराव मध्येच म्हणाले. "का तारीख खोटी हाय?"

तारीख खोटी आहे असे लिहून देणे मला शक्य नव्हते. तसे केले असते तर ३१८ बंदुका, चार निवृत्तिवेतने आणि माझ्या वर्गातले एकेचाळीस जण एकदम अडचणीत आले असते. म्हणून मी दार लावून घेतले आणि प्रकरणाचा नियमाप्रमाणे विचार केला. यात माझी वैयक्तिक भावना काही नव्हती. काळे दोरे मी पाहिले होते हे खरे. पण ते आवक नोंदीत होते, आणि नोंद पाहणे हे माझे कामच होते.

बंदूक आजपासून राष्ट्राचा ठेवा होती. राष्ट्राचा ठेवा पोलिस ठाण्याच्या कोपऱ्यात ठेवणे बेकायदा होते; म्हणजे ठाण्याने ती आजच सोडली पाहिजे. वस्तुसंग्रहालयाची इमारत मंजूर झालेली होती. जागा, विटा आणि संग्रहपाल एवढ्या तीनच गोष्टी मंजूर व्हायच्या होत्या. म्हणजे संग्रहालय ती आज घेऊ शकत नव्हते. मग इमारत होईपर्यंत ठेवा कोणाकडे असावा? ज्याने तो आतापर्यंत नीट जपला त्याच्याकडे. ठाण्यात दोन महिन्यांत नळीला गंज चढला नसेल अशी खात्री मला नव्हती. घोंगडीत मात्र शंभर वर्षांत चढला नव्हता. निष्कर्ष आपोआप निघाला. मी आदेश टंकलेखित केला, साहेबांच्या जागी "करिता" अशी सही केली आणि शिक्का मारला. ठाण्याच्या नावाने एक प्रत, हरणाबाईंच्या नावाने एक. हंबीररावांची बंदूकही आजच पुरातन झाली होती; तिला हाच नियम लावला आणि ती होती तिथेच राहिली.

आदेशात एक अट घालणे भाग होते. पुरातन वस्तूसाठी ती छापीलच आहे: "सदर वस्तूने आवाज काढू नये. आवाज निघाल्याचे निदर्शनास आल्यास शेजाऱ्यांनी कार्यालयास कळवावे."

मी ती हरणाबाईंना वाचून दाखवली.

"शेजारी म्हंजे कोण?" त्यांनी विचारले. "आमच्या वस्तीला माझ्याबिगर लांडगीच हायत."

"मग त्यांनी कळवावं," मी म्हणालो.

हरणाबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. हंबीररावांनी आम्हा दोघांना पेढा दिला आणि हरणाबाईंना एस.टी.त बसवून देतो म्हणाले. ठाण्यात, पुढे मला कळले, बंदूक देताना फारशी अडचण आली नाही; तिच्यावर कोणाची तरी छत्री अडकवलेली होती, ती तेवढी काढून ठेवावी लागली.

योजनेचे काम आता संपत आले आहे. नवे साहेब आले आहेत. त्यांची जन्मतारीख विचारण्याचे मी टाळले. माझ्या हिशेबाने, हा मजकूर वाचणाऱ्या दर दहांमध्ये किमान चौघांची जन्मतारीख १ जून असेल, आणि ते आतापर्यंत बंदुकीला हसत होते. त्यांनी कृपया लक्षात घ्यावे की त्यांची तारीखही त्याच प्रथेने, तितक्याच अचूकपणे लागलेली आहे. त्यांचा खरा गट (क) आहे. उरलेल्यांनी आपण सुटलो असे समजू नये. अनिश्चित गटाचा नियम सर्वांना सारखाच आहे: पुढील आदेश होईपर्यंत आहात तिथे, आहात त्यांच्याच ताब्यात राहावे आणि आवाज काढू नये.

हरणाबाईंच्या बंदुकीने ही अट पहिल्याच रात्री मोडल्याचे कळते. आपल्याबाबत तशी कोणतीही तक्रार कार्यालयाकडे अद्याप आलेली नाही.